शून्य नंबरचा कागद

गेल्या रविवारी गिरगावात जाऊन काचकागदाचे दोन ताव आणले. आता त्याला सगळे सँडपेपर म्हणतात. दुकान तेच आहे, खोताच्या वाडीच्या तोंडावरून पुढे गेल्यावर उजव्या हाताला. पूर्वी तिथला सरसाचा आणि टर्पेंटाइनचा वास रस्त्यापर्यंत येत असे. आता भिंतीवर प्लायवुडचे चकचकीत नमुने टांगलेले आहेत आणि वास कसलाच नाही. गल्ल्यावरच्या मुलाने विचारले, मशीनला लावायचा का. मी म्हटले, हाताने घासायचे आहे. नंबर विचारला, तेव्हा शून्य सांगितला. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिले. हाताने घासणारे गिऱ्हाईक त्याला बऱ्याच दिवसांत भेटले नसावे.

"एक पुरेल, आजोबा," तो म्हणाला.

"दोन द्या."

दादरला घरी येईपर्यंत ती सुरळी मी खाली ठेवली नाही.

माझ्या उजव्या अंगठ्याला एक खोड आहे. तो स्वस्थ बसत नाही. टेबलाची कड, खुर्चीचा हात, दाराची चौकट, जे लाकूड समोर येईल त्यावरून तो फिरत राहतो. पत्नी हयात असताना म्हणे, की आमच्या आरामखुर्चीच्या उजव्या हाताचे पॉलिश तिच्या देखत दोनदा गेले. सून बोलत नाही. तिने त्या हातावर टॉवेलची घडी टाकून ठेवली आहे. मी टॉवेलखाली हात घालतो.

आता माझ्यासमोर टेबलावर दोन धोटे आहेत. एक साठाहून अधिक वर्षे माझ्याजवळ आहे. दुसरा मागच्या महिन्यात आला. ज्यांनी कापडाची गिरणी आतून पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. धोटा म्हणजे दोन्ही टोकांना पोलादी अणी बसवलेली, होडीच्या आकाराची लाकडी वस्तू. तिच्या पोकळ पोटात सुताची कांडी बसते. एका टोकाजवळ चिनी मातीचा बारीक डोळा असतो, त्यातून धागा बाहेर येतो. मागाच्या दोन बाजूंना दोन पेट्या असतात. ह्या पेटीतून त्या पेटीत आणि त्या पेटीतून ह्या पेटीत धोटा ताण्याच्या हजारो धाग्यांमधून फेकला जातो, आणि तो इतक्या वेगाने जातो की साचा चालू असताना धोटा असा दिसतच नाही. मागाला आम्ही साचा म्हणत असू. धोट्याच्या अंगावर केसाएवढी जरी कुसळ राहिली तरी ती धागे तोडत जाते. म्हणून धोटा गुळगुळीत हवा, आणि म्हणून काचकागद.

हे मला भिवादादाने शिकवले.

लालबागच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, आमच्या गावची खोली होती. गावाकडचे सतरा-अठरा पुरुष त्या एका खोलीत पाळ्यांप्रमाणे झोपत आणि जेवत. भिंतीवर सतरा खुंट्या होत्या आणि प्रत्येक खुंटीला एक पिशवी. खोलीत सुक्या बांगड्यांचा, उदबत्तीचा आणि अंगाला चिकटून आलेल्या कांजीचा वास असे. ही सुताला लावायची खळ. कितीही आंघोळ केली तरी ती कानामागे राही. खाली मिरच्या कांडणाऱ्यांची दुकाने होती. वारा फिरला की अख्खी चाळ शिंकत असे.

भिवादादा आमच्याच गावचा, माझ्याहून वीस वर्षांनी मोठा. तो कुटुंब घेऊन खालच्याच मजल्यावर राहत होता, पण रविवारी सकाळी खोलीवर येऊन गॅलरीत बसत असे. मी सातवी पास होऊन आलो होतो आणि शाळेतल्यासारखे बोलत होतो, म्हणून त्याने माझे नाव मास्तर ठेवले. गिरणीतही तेच झाले. माझे खरे नाव हजेरीच्या कार्डापलीकडे कोणी उच्चारले नाही.

भिवादादाकडे दोन साचे होते. त्यांतल्या खिडकीजवळच्या साच्यावर तो स्वतःची धोट्यांची जोडी चालवी. जोडी एवढ्यासाठी की एक धोटा चालू असताना दुसऱ्यात भरलेली कांडी घालून तयार ठेवायची. पहिल्याची कांडी संपली की दुसरा पेटीत, आणि पहिला हातात. दोन्ही धोटे वजनाने आणि अंगाने सारखे हवेत. साच्याचा फटका आणि पेटीची पकड एकदा बसवलेली असते. ती धोटा ओळखत नाही, वजन ओळखते. भिवादादा शनिवारी पाळी सुटताना जोडी लेंग्याच्या नेफ्यात खोवून घरी आणी आणि सोमवारी पहाटेच्या भोंग्याला परत नेई. हे नियमात नव्हते. दरवाजावरच्या माणसाला ते ठाऊक होते आणि तो पाहत नसे.

रविवारची ती बैठक मला अजून जशीच्या तशी दिसते. मांडीवर जुने धोतर पसरलेले. काचकागद शून्य नंबरचाच, गिरगावातला. तो आणण्याचे काम माझे होते. लालबागेहून मी चालत जात असे आणि खोताच्या वाडीतून, त्या लाकडी जिन्यांच्या आणि कुंड्यांच्या घरांसमोरून मुद्दाम वाट वाकडी करून परत येत असे. पण आणलेला कागद भिवादादा धोट्याला लावीत नसे. तो दोन ताव घेई, त्यांची तोंडे एकमेकांना लावी आणि घाशी. करकर असा आवाज हळूहळू खरखर होई, मग सळसळ. मांडीवर काचेची पांढरी पूड पडे. कागदाचे तोंड मोडले, की तो कागद धोट्याच्या लायकीचा झाला. नवा कागद धोट्याला लावणाऱ्याला तो सुतार म्हणे. त्याच्या तोंडी ती शिवी होती.

मग धोटा. डोळ्याकडचे टोक पोटाशी, दुसरे टोक समोर. कागद पोटापासून पुढे जायचा, उलट यायचा नाही. दहा हात एका धोट्याला, दहा हात दुसऱ्याला. एकावर ओरखडा असला आणि दुसरा निर्मळ असला तरी दोघांनाही दहाच. शेवटी पिंजलेल्या कापसाचा पुंजका दोन्हींच्या अंगावरून फिरवायचा. एकही तंतू अडकला नाही तर काम झाले. त्यानंतर तो डोळे मिटून अंगठा फिरवी आणि धोटा माझ्या हातात देई. मी वळवून उजेडात पाहू लागलो की म्हणे, "डोळ्यांक काय कळता, मास्तर? हात लाव."

मी तेव्हा बदली कामगार होतो. रोज सकाळी गिरणीच्या दरवाजासमोर उभे राहायचे. कोणी आजारी पडला, कोणी गावी गेला, तर त्याच्या साच्यावर त्या दिवसापुरते काम. नाही तर परत खोलीवर. बदलीवाल्याला सर्वांत जास्त लाज वाटते ती उन्हे वर आल्यावर जिना चढून येण्याची. चाळीतल्या बायका काही विचारीत नसत. नळावरची भांडी मात्र क्षणभर वाजायची थांबत.

ती वर्षे संयुक्त महाराष्ट्राची होती. सकाळी प्रभातफेऱ्या, संध्याकाळी परळच्या मैदानात सभा, आणि मधल्या वेळात गल्लीच्या तोंडावर उभे राहून झालेल्या सभेची पुन्हा सभा. भिंतींवर गेरूने लिहिलेली अक्षरे पुसली जात आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा उमटत. गिरण्या अचानक बंद राहत. तशा दिवशी लालबागेत एक चमत्कारिक शांतता पसरे. भोंगा नाही, जमिनीचा थरथराट नाही. म्हातारे लोक बेचैन होऊन येरझारा घालीत. मीही घाली. वीस-एकवीस वर्षांच्या माणसाला तेव्हा सगळीकडे जावेसे वाटे आणि दरवाजासमोरची आपली जागाही सोडवत नसे.

भिवादादा सभेत बोलत नसे. फेरीत चालताना गातही नसे. आपला आवाज फाटका आहे असे त्याचे म्हणणे होते. एके दिवशी कळले, की त्याने सत्याग्रहाच्या तुकडीत नाव दिले आहे. का दिले, ते मी विचारले नाही आणि त्याने सांगितले नाही. तुकडी निघायच्या आदल्या दिवशी, पाळी सुटल्यावर, त्याने मला चाळीच्या जिन्यात गाठले. जोडी जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली होती. जॉबरशी, म्हणजे खात्यातल्या मुकादमाशी, बोललो आहे, मी परत येईपर्यंत माझ्या दोन्ही साच्यांवर तू, असे तो म्हणाला. मग फडके माझ्या हातात दिले.

"जोडी फोडू नको, मास्तर. घासूचे झाले तर दोघांक सारखे घास."

मी होय म्हटले. दुसऱ्या दिवशी तुकडी हार घालून निघाली. मी पाहायला गेलो नाही. मी साच्यावर होतो.

पुढचे दोन महिने मी रोज सकाळी दरवाजातून न थांबता आत गेलो. त्या दोन महिन्यांचे वर्णन मला करता येत नाही. खिडकीतून येणारा उन्हाचा पट्टा तासातासाने ताण्यावरून सरकत असे. खात्यात इतका आवाज असे की आम्ही ओठांवरून बोलणे ओळखत असू. पाण्याचे फवारे, तेलाचा वास, आणि पायांखाली सतत थरथरणारी फरशी. पायांना ती थरथर नसली की मला करमत नसे. भिवादादा लवकर सुटावा असे मला वाटत होते. सुटू नये, असेही वाटत होते. दोन्ही एकाच वेळी वाटत होते, आणि साचा चालत होता.

एके दिवशी कांडी बदलताना जोडीतला एक धोटा माझ्या हातून निसटून दगडी फरशीवर पडला. डोळ्यापासून चार बोटांवर एक टवका उडाला. नखाएवढा. असा धोटा जॉबरला दाखवून बाद करायचा असतो. तसे केले असते तर भिवादादाची जोडी मोडली असती, आणि ती माझ्या हातून मोडली हे सगळ्या खात्याला कळले असते. मी तो धोटा खोलीवर आणला आणि घासायला बसलो.

टवक्याची कड गेली, पण खळगी दिसत राहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा घासला. तिसऱ्या दिवशी पुन्हा. दहा हातांचा हिशेब मी सोडून दिला. कामावरून आलो की गॅलरीत बसायचे आणि घासायचे. जेवण झाले की घासायचे. खोलीतल्यांना गंमत वाटू लागली. एकाने विचारले, मास्तर, धोट्याची मुंज कधी? दुसरा म्हणाला, "अरे, गावाकडसून बायल हाड. धोट्याक किती गोंजारशीत?" मी हसलो. हात थांबला नाही. खळगी कमी होत होती, आणि जे दिसत नाही ते झाले नाही अशी माझी समजूत होत चालली होती.

दुसऱ्या धोट्याला मी कागद लावला नाही. तो चांगला होता. चांगल्याला कशाला हात लावायचा, असे मला वाटले. सारखे घास, असे भिवादादाने सांगितले होते, हे मला आठवत होते. पण आठवणे आणि करणे यांच्यामध्ये त्या दिवसांत माझ्या डोक्यात पुष्कळ जागा होती.

खळगी गेली. धोटा आरशासारखा झाला. मी तो साच्यावर चढवला. पहिले दोन दिवस तो नीट चालला. तिसऱ्या दिवशी तो पेटीत बसताना उसळू लागला, आणि दुपारी ताण्यातून सुटून बाहेर उडाला. खिडकीच्या चौकटीवर आपटून खाली पडला. कोणाला लागला नाही. पलीकडच्या साच्यावरच्या माणसाने माझ्याकडे पाहून बोटाने आपल्या डोळ्याकडे खूण केली, आणि मग वर आकाशाकडे. मी धोटा उचलला, हातात तोलला. त्याचे काय झाले होते ते मला समजले. त्या दिवसापासून मी तो पुन्हा चढवला नाही. गिरणीच्या कोठीतला एक साधा धोटा मागून घेतला आणि त्यावर काम भागवले. हलका झालेला धोटा फडक्यात, चांगल्याच्या शेजारी, गुंडाळून ठेवला.

भिवादादा सुटून आला तेव्हा त्याची दाढी वाढलेली होती आणि तळहात सोलून पुन्हा भरून आलेले होते. आत काथ्याचे दोर वळायचे काम असे, असे तो म्हणाला. त्याच्या तळव्याची कातडी खापरासारखी झाली होती. चाळीने त्याला ओवाळले. वहिनींनी नारळ फोडला. मी फडके आणून दिले. गॅलरीत सगळे उभे असताना त्याने ते सोडले, एक धोटा उचलला, डोळे मिटून अंगठा फिरवला. मग दुसरा. मी त्याच्या अंगठ्याकडे पाहत होतो. तेव्हा बोललो असतो तर झाले असते. लोक होते. हार होते. पेढे वाटले जात होते.

"बरी ठेवलंस," तो म्हणाला.

खापरासारख्या हाताला काही कळले नाही, असे मी ठरवून टाकले.

सोमवारपासून तो त्याच्या साच्यांवर आणि मी पुन्हा दरवाजासमोर. बुधवारी मला दुसऱ्या रांगेत एका आजाऱ्याच्या जागी काम मिळाले. जेवणाच्या सुट्टीत भिवादादा माझ्या शेजारी येऊन बसला. डब्यातली अर्धी भाकरी त्याने माझ्यापुढे सरकवली. तुरुंगातल्या आमटीबद्दल काहीतरी सांगितले, आणि उठताना म्हणाला, "आयतवारी खोलीर ये. येताना शून्य नंबराचो कागद हाड. दोन हाड."

मी नेहमीसारखे होय म्हटले. दर रविवारी मी कागद आणतच होतो. त्यात मला काही वेगळे दिसले नाही.

शुक्रवारी मी त्याच दुसऱ्या रांगेत होतो. विणाईच्या खात्यात ओरडलेले ऐकू येत नाही. काही झाले तर आधी साचे बंद पडतात. एकामागून एक, पाण्यात दगड टाकल्यावर वर्तुळ पसरावे तसे. खिडकीच्या बाजूने ती शांतता माझ्याकडे आली. मी धावलो. भिवादादा फरशीवर बसला होता. उजवा अंगठा त्याने डाव्या मुठीत धरला होता आणि मुठीतून रक्त कोपरापर्यंत आले होते. उडालेला धोटा साच्याखाली गेला होता. जॉबर पाणी आणा म्हणत होता. भिवादादाने माझ्याकडे पाहिले आणि हनुवटीने साच्याखाली खूण केली.

"उचल," तो म्हणाला.

मी वाकून धोटा उचलला आणि सदऱ्यात घातला. तेव्हापासून तो माझ्याजवळ आहे.

अंगठा राहिला, पण त्यात जीव राहिला नाही. तुटलेला धागा दोन बोटांत धरून अंगठ्याने गाठ मारावी लागते. ती गाठ त्याला पुन्हा कधी मारता आली नाही. ज्याला गाठ येत नाही त्याला साचा नाही. तीन आठवड्यांनी जॉबरने मला बोलावले. साचे रिकामे ठेवता येत नाहीत, तो म्हणाला. मी त्या दोन साच्यांवर कायम झालो आणि पुढे बावीस वर्षे राहिलो.

मी कायम झालो त्याच आठवड्यात वहिनी त्याचे सामान न्यायला गिरणीच्या दरवाजावर आल्या. डबा, सदरा, विडीची डबी, आणि फडक्यात एक धोटा. मीच सर्व गोळा करून दिले होते. त्यांनी फडके चाचपून पाहिले.

"एकच? दोन असतत ना ते?"

"दुसरा फुटला," मी म्हटले.

त्या फडके छातीशी धरून गेल्या.

भिवादादाला पुढे शिवडीला एका गोदामावर पहारेकऱ्याचे काम मिळाले. महाराष्ट्र झाला त्या दिवशी लालबागेत घराघरासमोर रांगोळ्या होत्या. प्रत्येक चाळीतून लेझीम निघाली होती. आमच्या गल्लीत गुलालाने पाय बुडत होते. भिवादादा चाळीच्या जिन्यात उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला पेढे देत होता. त्याने डाव्या हाताने माझ्या हातावर पेढा ठेवला. उजवा हात सदऱ्याच्या खिशात होता. त्या दिवसापासून मला पेढा आवडत नाही.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी एकदा मी त्याला भेटायला शिवडीला गेलो. ओहोटीची वेळ होती. चिखलाचा आणि ओल्या गोणपाटाचा वास येत होता. तो गोदामाच्या दारात स्टुलावर बसला होता. गावाकडच्या बातम्या झाल्या. कोणाचे लग्न, कोणाचे घर, कोण गेला. मी सांगायचे ठरवून गेलो होतो. शब्दही मनात जुळवले होते. मग त्यानेच विचारले.

"अजून घासतंस?"

"घासतो."

"दोघांक?"

"दोघांना," मी म्हटले.

त्याने मान हलवली आणि विडी पेटवायला काडी मागितली. काडी त्याला एका हाताने पेटवता येत नसे. मी पेटवून दिली. परत निघालो तेव्हा जुळवून नेलेले शब्द तसेच मनात होते.

तो गेल्याला आता तीसपेक्षा जास्त वर्षे झाली. वहिनी नंतर गेल्या. मागच्या महिन्यात त्याच्या नातीचा फोन आला. ती बँकेत आहे. चाळ पाडून तिथे टॉवर होणार, म्हणून घर रिकामे करणे चालले होते. माळ्यावर एक वस्तू सापडली आहे, ती तुमची आहे, येऊन घेऊन जा, असे तिने सांगितले. मी गेलो. जिन्याच्या पायऱ्या मधोमध झिजून बशीसारख्या झाल्या आहेत. खाली मिरच्यांचा वास आजही आहे. तिने ट्रंकेतून फडके काढून माझ्या हातात दिले.

"हे नक्की काय असतं हो आजोबा? मी लहानपणी होडी समजून बादलीत सोडायचे. आमचे आजोबा जाम ओरडायचे."

मी सांगितले.

"तरीच. आजी गेली तेव्हा टाकणार होते, पण आजोबांनी सांगून ठेवलं होतं म्हणे. याचा दुसरा मास्तरकडे आहे, हा त्याला द्यायचा." तिने ट्रंकेचे झाकण लावले. "मास्तर म्हणजे तुम्हीच ना?"

मी होय म्हटले. चहा घेतला. तिने टॅक्सी बोलावून दिली.

घरी येऊन मी दोन्ही धोटे दोन हातांत घेतले. मला अपेक्षा होती की एक जड लागेल. साठ वर्षे मला ठाऊक होते की त्याच्याकडचा धोटा जड आणि माझ्याकडचा हलका. दोन्ही हात एका पातळीवर राहिले. हात अदलाबदल केले. तेच. माझ्या हातांवर आता माझा भरवसा नाही, म्हणून सुनेच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ते एकामागून एक ठेवले. एका ग्रॅमचा फरक आला. एवढे लाकूड इतक्या वर्षांत हवेने खाल्ले असेल.

मग मी त्याचा धोटा खिडकीशी नेऊन तिरप्या उजेडात धरला. डोळ्यांना काय कळते, हे त्याचे वाक्य मला आठवले. पण आता डोळ्यांनाही कळत होते. डोळ्याकडचे टोक पोटाशी धरून उजव्या हाताने कागद पुढे नेला, की हात कोपरावर फिरतो आणि रेघ शेवटी किंचित डावीकडे झुकते. माझ्या धोट्यावरच्या सगळ्या रेघा तशा आहेत. त्याच्या धोट्यावरच्या उजवीकडे झुकलेल्या होत्या. अंगभर, चारही बाजूंनी. तो डाव्या हाताने घासलेला होता. म्हणजे अपघातानंतर घासलेला होता.

अपघातानंतर हलका धोटा त्याच्या हातात कधीच आला नाही. तो माझ्या ट्रंकेत होता, आणि मीही त्याला पुन्हा कागद लावला नव्हता. त्याला त्याचे वजन ठाऊक असायचे तर ते आधीचे. गॅलरीत हार घालून उभा असतानाचे, नाही तर सोमवार ते शुक्रवार साच्यावरचे. खापरासारखा हात, असे मी ठरवले होते. त्या हाताने ते वजन इतके नेमके धरून ठेवले होते की पुढे कधीतरी, माप समोर नसताना, डाव्या हाताने, त्याने दुसरा धोटा तिथपर्यंत उतरवला.

कागद दर रविवारी येतच असताना बुधवारी त्याने दोन ताव मुद्दाम का मागितले होते, ते मला आता कळते. रविवारी जोडी सारखी करायची होती. मला समोर बसवून करायची होती, की मला काही बोलायची संधी द्यायची होती, हे लाकूड सांगत नाही. ठाऊक असताना त्याने चार दिवस तो धोटा चालवला का, हेही सांगत नाही. चांगल्या विणकराला चार दिवस सांभाळून घेता येईल असे वाटले असेल. किंवा तो काढून ठेवला असता तर जॉबरने कारण विचारले असते. ह्या दोन वाक्यांपाशी मी गेला महिनाभर येरझारा घालतो आहे.

रविवारी दुपारी ते दोन ताव मी मांडीवर घेतले. तोंडाला तोंड लावून घासले. करकर, खरखर, सळसळ. सून दारात येऊन उभी राहिली आणि परत गेली. काचेची पूड लेंग्यावर पडली. कागद तयार झाल्यावर मी कापसाचा पुंजका घेतला. माझ्या धोट्यावरून तो निसटत गेला. साठ वर्षे फिरलेल्या अंगठ्याने तिथे काही शिल्लक ठेवलेले नाही. त्याच्या धोट्यावर मात्र कापूस अडकला. जागोजाग तंतू उभे राहिले. रेघा खोल होत्या. त्याने नवाच कागद लावला होता, तोंड न मोडलेला. तोंड मोडायला दोन ताव लागतात, आणि ते एकमेकांवर दाबायला दोन हात.

काम फार नाही. दहा हात त्याला, दहा हात माझ्याला. त्यावर कापूस फिरेल, आणि जोडी त्याला हवी होती तशी होईल. त्या दहा हातांत डावीकडून आलेली प्रत्येक रेघ जाईल.

आज आठवा दिवस. कागद टेबलाच्या खणात आहे. अंगठा सवयीप्रमाणे टेबलाच्या कडेवरून फिरतो, टॉवेलखाली जातो, चौकटीवर जातो. मग त्याच्या धोट्यावर येतो, त्या उलट्या रेघांवर, आणि तिथे थांबतो.